मोटरसायकल आणि सायकल यांचा पिकअप व कमाल वेग कशावर ठरतो?

आपला प्रश्न असा आहे की, २०० अश्वशक्तीच्या मोटरसायकलमध्ये रोजच्या १०० सीसी गाडीच्या जवळजवळ पंचवीसपट शक्ती असूनही तिचा वेग पंचवीसपट का नसतो, आणि सायकल जास्तीत जास्त किती पळू शकते. पिकअप आणि कमाल वेग यांना अडवणाऱ्या गोष्टी निराळ्या असल्यामुळे दोहोंचा विचार मी स्वतंत्रपणे करतो.

कमाल वेग मुख्यतः हवा ठरवते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग दुप्पट हवा असेल तर शक्ती आठपट लागते. आठ अश्वशक्तीची गाडी ताशी ९० किमीच्या आसपास अडते. पंचवीसचे घनमूळ तीनहून थोडे कमी असल्याने या हिशेबाने २०० अश्वशक्तीची गाडी ताशी २६० किमीपर्यंत जायला हवी. प्रत्यक्षात ती ३०० गाठते, कारण तिला वाऱ्याला अनुकूल आवरण असते आणि स्वार टाकीवर वाकून बसतो. १९९९ च्या सुझुकी हायाबुसाने ३०० ओलांडल्यानंतर कंपन्यांनी आपसांत समजुतीने २९९ ची मर्यादा पाळायला सुरुवात केली, हेही येथे सांगायला हवे.

सायकलच्या बाबतीत हवेचा हा जाच अधिकच स्पष्ट दिसतो. सपाट रस्त्यावर ताशी २० किमीसाठी साधारण ५० वॅट पुरतात, पण ४० साठी ३०० च्या आसपास लागतात, आणि एवढी शक्ती तासभर टिकवणे हौशी सायकलस्वाराच्या आवाक्याबाहेरचे असते. इटलीच्या फिलिप्पो गान्ना यांनी २०२२ मध्ये बंदिस्त ट्रॅकवर एका तासात ५६.७९२ किमी अंतर कापले. पूर्ण आवरण असलेल्या, झोपून चालवायच्या सायकलीवर कॅनडाच्या टॉड राइखर्ट यांनी २०१६ मध्ये नेवाडात ताशी १४४ किमी गाठले. डेनिस म्युलर-कोरेनेक यांचा २०१८ चा विक्रम तर ताशी २९६ किमीचा आहे. मात्र त्यांच्यापुढे धावणारी मोटार हवा बाजूला सारत होती आणि सुरुवातीचा वेग त्यांना दोरीने ओढून दिला होता, त्यामुळे तो विक्रम थक्क करणारा असला तरी माझ्या मते वेगळ्या पंक्तीत बसवावा.

पिकअपचे गणित निराळे आहे. शक्तिशाली मोटरसायकलचे त्वरण इंजिन कमी पडल्यामुळे थांबत नाही. पुढचे चाक उचलले जाते म्हणून थांबते. गुरुत्वमध्य जितका उंच आणि मागच्या चाकाच्या जितका जवळ, तितकी ही मर्यादा लवकर येते. सामान्य सुपरबाइकसाठी ती गुरुत्वत्वरणाएवढी, म्हणजे सेकंदाला ताशी ३५ किमीने वेग वाढेल इतकी असते. त्यामुळे शून्य ते शंभरला तीन सेकंदांच्या आसपास लागतात आणि पुढे आणखी ५० अश्वशक्ती वाढवूनही त्यात फारसा फरक पडत नाही. ड्रॅग शर्यतीच्या गाड्या मागे लांबवलेल्या असतात आणि त्यांना मागे आधाराचा दांडा लावतात, तो याचसाठी.

सायकल या मर्यादेपर्यंत सहसा पोहोचत नाही. पेडलवर सगळे वजन टाकले तरी मधल्या गिअरमध्ये त्वरण साधारण सेकंदाला ताशी सात किमीच मिळते. सिग्नल सुटताच सायकलस्वार क्षणभर पुढे दिसतो, कारण दुचाकीवाला अजून गिअर टाकून क्लच सोडत असतो; त्याने अॅक्सिलरेटर पिळला की ही आघाडी काही मीटरांतच संपते.