हेरेफर्डच्या चिखलात जे झालं, ते रिप्ले होता म्हणून झालं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: "मी चार-पाच वर्षं प्रीमियर लीग बघतोय. एफए कपमधले रिप्ले बंद झाले म्हणून जुने चाहते एवढे का हळहळतात? बरोबरी झाली की जादा वेळ, मग पेनल्टी, आणि त्याच रात्री निकाल. हे जास्त बरं नाही का?"

मला विचाराल तर नाही, बरं नाही. का, ते सांगायला १९७१-७२ चा एकच मोसम पुरेल.

एफए कप म्हणजे इंग्लंडमधली, हरला की बाहेर अशी, छोट्या-मोठ्या सगळ्या क्लबांची स्पर्धा. आधी तिचा जुना नियम सांगतो. सामना बरोबरीत सुटला की काही दिवसांनी दुसरा सामना, म्हणजेच रिप्ले, व्हायचा, आणि तो समोरच्या संघाच्या मैदानावर. तिथेही बरोबरी झाली तर तिसरा, बहुधा तटस्थ मैदानावर. मग चौथा, पाचवा. निकाल लागेपर्यंत खेळत राहायचं. १९९१-९२ पासून एकाच रिप्लेनंतर पेनल्टी घ्यायला लागले. २०२४-२५ पासून तर पहिल्या फेरीपासून पुढे रिप्लेच नाही.

आता हेरेफर्ड. इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या सीमेजवळचं हे कॅथेड्रलचं गाव. सफरचंदाची सायडर आणि तांबड्या अंगाची, पांढऱ्या तोंडाची गुरं यांच्यासाठी ओळखलं जातं. कपच्या मोठ्या सामन्याआधी मैदानात बैल फिरवायची त्यांची प्रथा आहे. १९७१-७२ मध्ये हेरेफर्ड युनायटेड सदर्न लीगमध्ये होता, म्हणजे चार डिव्हिजनच्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या बाहेर. नोकरीधंदा सांभाळून खेळणारी माणसं संघात होती. रॉनी रॅडफर्ड सुतारकाम करायचा. कॉलिन ॲडिसन खेळाडूही होता आणि मॅनेजरही.

तिसऱ्या फेरीत, जिथे पहिल्या डिव्हिजनचे (तेव्हाची सगळ्यात वरची, आजच्या प्रीमियर लीगच्या जागेची) संघ स्पर्धेत उतरतात, सोडतीत त्यांच्या वाट्याला न्यूकॅसल आला, तोही न्यूकॅसलच्या मैदानावर. तोवर सहा वेळा कप जिंकलेला, पहिल्या डिव्हिजनमधला संघ. माल्कम मॅकडोनाल्डसारखा तगडा सेंटर फॉरवर्ड त्यांनी त्याच मोसमात आणला होता. पहिला सामना पावसामुळे लांबला आणि २४ जानेवारी १९७२ ला झाला. सतराव्या सेकंदाला (मिनिटाला नव्हे) ब्रायन ओवेनने हेरेफर्डचा गोल केला. न्यूकॅसलने दोन गोल करून आघाडी घेतली. मग ॲडिसनने लांबून मारलेल्या फटक्यावर २-२.

इथे जरा थांबा आणि आजचा नियम लावून बघा. २-२ नंतर तिथेच जादा वेळ, मग तिथेच पेनल्टी. मैदानात सुमारे ३९,००० माणसं, आणि त्यातली बहुतेक न्यूकॅसलच्या बाजूने ओरडतायत. हेरेफर्ड कदाचित जिंकलाही असता, पण ते त्यांच्या गावाने पाहिलं नसतं.

जुन्या नियमामुळे न्यूकॅसलला हेरेफर्डच्या एडगर स्ट्रीट मैदानावर यावं लागलं. आणि तिथे पाऊस थांबेना. मैदानात पाणी साचून सामना पुन्हा पुन्हा पुढे ढकलला गेला, आणि पहिल्या डिव्हिजनचे ते नावाजलेले खेळाडू हॉटेलात वाट बघत बसले. शेवटी ५ फेब्रुवारीचा शनिवार उजाडला. त्या दिवशी बाकीच्या देशात चौथी फेरी सुरू होती, आणि हे दोघे अजून तिसरीच खेळत होते. चौदा हजारांवर लोक मैदानात, आणि ज्यांना जागा मिळाली नाही ते झाडांवर आणि दिव्यांच्या खांबांवर. मी कोल्हापूरचा आहे, शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर तालमीच्या संघासाठी घसा बसेपर्यंत ओरडलोय. पेठेतल्या पोरांनी भल्याभल्यांना अडवलं की रात्री गल्लीत काय होतं ते मला ठाऊक आहे. म्हणून झाडावरचे ते लोक मला परके वाटत नाहीत.

८२ व्या मिनिटाला मॅकडोनाल्डने हेडरने गोल केला. न्यूकॅसल १-०. आठ मिनिटं राहिलेली, गुडघाभर चिखल, समोर दोन डिव्हिजन वरचा नव्हे तर लीगच्या पार माथ्यावरचा संघ. इथे बहुतेक गोष्टी संपतात.

पुढचं जे झालं ते चित्रफितीवर आहे आणि मी ते किती वेळा पाहिलंय त्याची गणती नाही. मैदानाच्या मध्याजवळ रॅडफर्ड झटापट करून चेंडू काढतो. तो पुढे ओवेनकडे देतो आणि स्वतः थांबत नाही, धावत राहतो. ओवेन चेंडू परत देतो. मैदानात गवत औषधालाही नाही, नुसता तपकिरी चिखल. पण त्या एका क्षणी चेंडू चिखलात रुतत नाही, अलगद उसळतो, पायावर घ्यावा इतकाच. रॅडफर्ड तीसेक यार्डांवरून मारतो. चेंडू वर चढत जातो आणि गोलपोस्टच्या वरच्या कोपऱ्यात घुसतो. गोलकीपर मॅकफॉल झेपावतो, पण उपयोग नाही. रॅडफर्ड दोन्ही हात वर करून पळत सुटतो, आणि त्याच्या मागून टोपीवाली जाड जाकिटं घातलेली पोरंच पोरं मैदानात घुसतात. ती कुठून कुठे धावतायत ते त्यांनाही कळत नसावं. मला त्या फितीत गोलपेक्षा ती पोरं जास्त आवडतात.

१-१. जादा वेळ. हेरेफर्डचा बॅक रॉजर ग्रिफिथ्स पायाचं हाड मोडलेलं असताना सामन्याचा बराचसा भाग खेळला होता. त्याच्या जागी उतरलेल्या रिकी जॉर्जने १०३ व्या मिनिटाला चेंडू खालून कोपऱ्यात सरकवला. हेरेफर्ड २, न्यूकॅसल १. लीगबाहेरच्या संघाने पहिल्या डिव्हिजनच्या संघाला हरवायची ही १९४९ नंतरची पहिली वेळ. १९४९ मध्ये येओविलने संडरलंडला हरवलं होतं. (हा रिकी जॉर्ज भलताच नशीबवान माणूस. पुढे तो एका शर्यतीच्या घोड्याचा भागीदार झाला, आणि त्या अर्थ समिट घोड्याने १९९८ ची ग्रँड नॅशनल जिंकली.)

बीबीसीने त्या सामन्याला जॉन मॉटसन नावाचा २६ वर्षांचा नवखा समालोचक पाठवला होता. रात्रीच्या कार्यक्रमात थोडा वेळ दाखवायचा सामना, एवढीच त्याची किंमत होती. निकाल लागल्यावर तोच मुख्य सामना झाला आणि मॉटसनचं नाव घरोघरी गेलं. पुढची कित्येक दशकं इंग्लंडचं फुटबॉल लोकांनी त्याच्या आवाजात ऐकलं. तेव्हा त्याची कारकीर्दही रिप्लेनेच घडवली म्हणायची.

आणि हेरेफर्ड तिथवर पोचलाच मुळी रिप्ले खेळत. दुसऱ्या फेरीत नॉर्थॅम्प्टनशी त्यांचे तीन सामने झाले होते. न्यूकॅसलनंतर चार दिवसांत वेस्ट हॅम त्यांच्या गावात आला आणि ०-० वर अडकला. मग लंडनला रिप्ले, सोमवारी भर दुपारी. कारण खाण कामगारांचा संप चालू होता, वीज तुटपुंजी होती, आणि रात्री दिवे लावून खेळायला बंदी होती. तिथे जेफ हर्स्टने, १९६६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तीन गोल मारणाऱ्या त्याच हर्स्टने, पुन्हा तीन गोल मारले आणि हेरेफर्डचा प्रवास ३-१ वर संपला.

पण परिणाम राहिला. त्या काळी लीगमध्ये कोणाला घ्यायचं हे क्लबांच्या मतदानाने ठरायचं. १९७२ च्या उन्हाळ्यात हेरेफर्डला लीगमध्ये घेतलं आणि बॅरोला बाहेर काढलं. बॅरोला परत यायला २०२० साल उजाडलं, ४८ वर्षं. हेरेफर्डची गोष्ट सांगताना बॅरोचं नाव सहसा कुणी घेत नाही, म्हणून मुद्दाम घेतोय.

त्या मोसमात रिप्लेची नुसती रेलचेल होती. ॲल्व्हचर्च आणि ऑक्सफर्ड सिटी या दोन हौशी संघांची चौथ्या पात्रता फेरीतली गाठ सहा सामने चालली: २-२, १-१, १-१, ०-०, ०-०, आणि शेवटी व्हिला पार्कवर १-०. अकरा तासांचं फुटबॉल. एफए कपच्या इतिहासातली सगळ्यात लांबलेली लढत हीच. ॲल्व्हचर्च जिंकला आणि त्याच आठवड्यात ऑल्डरशॉटकडून ४-२ ने हरला. सहाव्या सामन्यापर्यंत त्यांचे पाय उचलत असतील का, हा विचार माझ्या मनात दर वेळी येतो. वरच्या टोकाला आर्सेनल आणि डर्बी यांनाही निकाल लावायला तीन सामने लागले. त्यातला दुसरा आठवड्याच्या मधल्या कामाच्या दुपारी झाला, तरी आर्सेनलच्या हायबरी मैदानावर ६०,००० हून जास्त लोक आले. आर्सेनल आणि स्टोक यांची उपांत्य फेरीही दोनदा खेळावी लागली. पहिल्या सामन्यात आर्सेनलचा गोलकीपर बॉब विल्सन जायबंदी झाला, आणि शेवटी जॉन रॅडफर्ड हा स्ट्रायकर गोलमध्ये उभा राहिला. एकाच मोसमात दोन रॅडफर्ड, आणि दोघेही लक्षात राहिले.

सगळंच रिप्लेचं नव्हतं अर्थात. बोर्नमथच्या टेड मॅकडूगलने मार्गेटविरुद्ध ११-० च्या विजयात एकट्याने नऊ गोल मारले. ते एका दुपारचं काम होतं.

तुमच्या बाजूचाही एक मुद्दा खरा आहे आणि तो मी नाकारत नाही: दमणूक. ६ मे १९७२ ला वेम्बलीवर शतकमहोत्सवी अंतिम सामना झाला. पहिला कप १८७१-७२ मध्ये खेळला गेला होता, त्याला शंभर वर्षं झाली म्हणून. मिक जोन्सच्या क्रॉसवर ॲलन क्लार्कने सूर मारून हेडर केला आणि लीड्सने आर्सेनलला १-० ने हरवलं. शेवटच्या क्षणी जोन्सचा हात कोपरात निखळला. बाकीचे राणीच्या हातून पदकं घेऊन आले, तरी हा बँडेज बांधून घेत होता. मग नॉर्मन हंटर त्याला धरून त्या पायऱ्या चढवायला घेऊन गेला. हात छातीशी बांधलेला, चेहरा वेदनेने पिळवटलेला, एकेक पायरी. आणि अवघ्या दोन दिवसांनी, सोमवारी, लीड्सला लीग जिंकण्यासाठी वुल्व्हजशी खेळावं लागलं. एक बरोबरी पुरली असती. २-१ ने हरले, आणि डर्बी विजेता ठरला. तेव्हा वेळापत्रकाचं ओझं काल्पनिक नाही, खेळाडूंचे हाल होतात. पण ते ओझं हलकं करताना आधी छोट्या गावाच्या वाट्याचा सामना काढून घेतला आणि युरोपातल्या बड्या स्पर्धांचे सामने मात्र वाढवले, हे मला पटत नाही.

पैशाचंही आहे. कपच्या सामन्याच्या तिकिटांचं उत्पन्न दोन्ही क्लबांत वाटलं जातं. जानेवारी २००५ मध्ये लीगबाहेर घसरलेला, कर्जात बुडालेला एक्सेटर सिटी ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला ०-० वर रोखून आला. रिप्ले एक्सेटरच्या मैदानावर झाला, तिथे ते २-० ने हरले. पण त्या दोन सामन्यांच्या पैशाने क्लबचं कर्ज फेडायला मोठा हातभार लागला. आज तोच ०-० झाला तर पेनल्टीवर हरून रात्रीच्या बसने घरी.

पेनल्टीचं म्हणाल तर एफए कपमधलं पहिलं पेनल्टी शूटआउटही याच मोसमाचं. तेव्हा उपांत्य फेरीत हरलेल्यांचा तिसऱ्या क्रमांकासाठी सामना असायचा. तो कोणालाच फारसा नको असायचा, म्हणून ऑगस्ट १९७२ मध्ये, पुढचा मोसम सुरू होताना उरकला. बर्मिंगहॅम आणि स्टोक ०-०, मग पेनल्टीवर बर्मिंगहॅम ४-३. ज्या सामन्याच्या निकालाची कुणाला पडलेली नव्हती, तिथे पेनल्टी वापरली.

हेरेफर्ड युनायटेड २०१४ मध्ये कर्जापायी बंद पडला. गावकऱ्यांनी नवा क्लब उभा केला, तो त्याच एडगर स्ट्रीटवर खेळतो. रॅडफर्ड २०२२ मध्ये गेला, मॉटसन त्यानंतर तीन-चार महिन्यांनी.

रॅडफर्डचा गोल तुम्हाला इंटरनेटवर एका मिनिटात सापडेल, नक्की बघा. बघताना फक्त एवढं आठवा की त्याच्या बारा दिवस आधी, दूर न्यूकॅसलला, ॲडिसनने तो २-२ चा गोल मारला होता, आणि त्या गोलाने हेरेफर्डला सामना जिंकून दिला नव्हता, आणखी एक सामना मिळवून दिला होता.