अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये रोज पाणी देऊनही लॉन जुलैत पिवळं का पडतं?
रोजचं पाणी आधी बंद करा. रोज थोडंथोडं मिळालं की मुळं वरवरच राहतात आणि जुलैच्या उन्हात होरपळतात. आठवड्यातून २-३ वेळाच, पण खोलवर मुरेल असं द्या, तेही पहाटे. तिथली माती बहुतेक ठिकाणी चिकण, त्यामुळे पाणी हळूहळू मुरतं. पाणी वाहून जायला लागलं की थांबा, तासाभराने पुन्हा सोडा. गवत ३ इंचांखाली कापू नका. हिवाळ्यात महिनाभर बर्फ पडला नाही तर एखाद्या उबदार दुपारी पाणी द्याच, हे बरेच जण विसरतात.

नव्याने पेरणार असाल तर लॉनसाठी नेहमी लावतात त्या केंटकी ब्लूग्रासपेक्षा मी बफेलो ग्रास निवडेन. वर्षाला जेमतेम १५ इंच पाऊस होणाऱ्या डेन्व्हरकडच्या मैदानांचंच ते मूळ गवत. मात्र सावलीत ते नीट वाढत नाही आणि मे उजाडेपर्यंत तपकिरीच दिसतं.