कंसातली ओळ

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. "घरात कुणी मारत नाही बाई, पण जेवलात का हेही कुणी विचारत नाही," इथे मी थांबले. यावर माझ्याकडे औषध नाही, उगाच धीरही देणार नाही. पण चार पानं धाकट्या भावाच्या तबल्यावर, आणि तुला कबड्डीची पंच व्हायचंय हे अगदी शेवटी, तेही कंसात! मला त्या कंसाबद्दल बोलायचंय.

जर्मनीतल्या हॅनोवरची कॅरोलाइन हर्शेल, अठराव्या शतकातली खगोलशास्त्रज्ञ. लहानपणी टायफस झाला, उंची सव्वाचार फुटांवरच राहिली. वडिलांना तिला शिकवावंसं वाटे; आईला घरात राबणारी पोरगी हवी होती. 1772 मध्ये भाऊ विल्यम तिला इंग्लंडला, बाथला घेऊन गेला. कसा? आईला मोलकरीण ठेवता यावी म्हणून दर वर्षाला पैसे बांधून देऊन. नुसतं 'मी आहे ना' म्हणून ती सुटली नसती. तबल्याच्या क्लासच्या दिवशी धाकट्याच्या वाटणीची भांडी तू घासतेस ना, ते हेच.

बाथला ती गाणं शिकली. विल्यमला मात्र दुर्बिणींचं वेड लागलं. आरसा घासायला बसला की हात काढता येत नसे. एकदा तर सलग सोळा तास. ती त्याला घास भरवायची. साच्यासाठी घोड्याची लीद कुटून चाळून द्यायची. (हो, लीदच!) 1781 मध्ये त्याला युरेनस सापडला.

त्याआधी, 1778 मध्ये, तिला बर्मिंगहॅमहून गाण्याचं बोलावणं आलं होतं. भाऊ संचालन करत नसेल तिथे गाणार नाही, म्हणून तिने नकार दिला. पुढे गाणं सुटलंच. तिने स्वतः आठ धूमकेतू शोधले, राजाकडून वर्षाला 50 पौंड पगार मिळवला, सगळं खरं. तरी ते बोलावणं मला अजून खुपतं. ती आकाशाकडे वळली ती भावामागून. गाणं तिचं स्वतःचं होतं.

तू ते करू नकोस. जिल्हा असोसिएशनकडे पंच परीक्षेची चौकशी या आठवड्यातच कर. नियमांचं पुस्तक धाकट्याच्या हातात दे. अंगणात खडूने मैदानातल्या 'निदान रेषा' आणि 'बोनस रेषा' अशा दोन्ही आखा आणि त्याला विचारू दे: बचावात पाचच जण असताना चढाई करणाऱ्याने बोनस रेषा ओलांडली, तर गुण द्यायचा का? तू अडखळलीस तर त्याने हसावं, एवढी मुभा त्याला दे.

आणि परीक्षेपर्यंत गुरुवारचा भात त्याचा. पाणी किती घालायचं ते आधी दाखवून ठेव. माझ्या भावाने पहिल्यांदा लावला होता, तेव्हा कुकरच्या शिट्टीतून पेज भिंतीवर उडाली होती.

तुझी,
बाई