जागेपणाचा प्रश्न काढू नकोस

अगं,

रात्री अकराला तुझा मेल, तू जपानीत नेत असलेल्या झोपेच्या प्रश्नावलीवरून. 'अल्फा कमी आलाय, जागेपणाचा प्रश्न काढला की वाढतो. काढू का?' अल्फा म्हणजे उत्तरं एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा; त्याच्यासाठी प्रश्न काढायचा? नको. उत्तर एवढंच, पण तेवढ्यावर तू थांबणार नाहीस, म्हणून लिहायला बसले.

त्या प्रश्नावलीत, आरयू-सेटेडमध्ये, सहाच प्रश्न: नियमितपणा, समाधान, दिवसाचा जागेपणा, झोपेची वेळ, सलगपणा, तास. प्रत्येकी 0 ते 2 गुण, एकूण 12. रात्रपाळीची नर्स भलत्या वेळी झोपते, तरी तृप्त उठू शकते. सहाही उत्तरं एका सुरात यावीत असा आग्रह मुळातच कशाला? अल्फा नंतर बघ. आधी माणसाला विचार.

'दिवसभर डुलकी न घेता जागे राहता का?' हे जपानीत नेलंस की समोर इनेमुरी उभी राहते. लोकलमध्ये, मीटिंगमध्ये बसल्या बसल्या डोळा लागतो, आणि पुष्कळदा लोक त्याला आळशी न म्हणता 'बिचारा फार राबतो' म्हणतात. साठीचे गृहस्थ ती डुलकीत धरतात का? आणि ठरवून घेतलेली हिरुने, दुपारची झोप? त्यात 'न घेता'मधला नकार. 'घेत नाही ना?' विचारलं तर जपानी माणूस आपल्यासारखंच 'हो, नाही घेत' म्हणतो. इंग्रज 'नो' म्हणतो. मराठी घरात वाढलेल्या मुलीला हे मी सांगायचं?

उलट भाषांतर, म्हणजे जपानीतून परत इंग्रजीत, मुळाशी जुळलं, म्हणतेस. जुळणारच! ते करणाऱ्याला इंग्रजी येतं, मूळ वाक्य तो वासावरून ओळखतो. तुझ्या आजोबांच्या वयाच्या उत्तरदात्याला ते येत नाही. त्याला विचार.

दिवसा पेंग किती येते ते मोजणाऱ्या एपवर्थच्या 1991च्या मूळ प्रश्नावलीत, पेंग येण्याच्या प्रसंगांत शेवटी रहदारीत थांबलेली गाडी आहे. जपानी आवृत्तीत तिथे बसून पत्र किंवा कागदपत्र लिहिणं आलं. जो गाडीच चालवत नाही, त्याने काय खूण करायची? हे अल्फाकडे बघून सुचत नाही.

मी एकदा काढला होता प्रश्न. झोपेच्या समाधानाचा. बहुतेकांनी मधल्या 'तोकिदोकि'वर, म्हणजे कधीकधीवर, खूण केली होती. प्रश्न गेला, अल्फा वाढला, पेपर छापून आला. दोन वर्षांनी एक आजी हसून म्हणाल्या, 'झोप छान लागते हो, पण आपणच समाधानी म्हणणं बरं दिसत नाही.' तो पेपर मी आजही कुणाला दाखवत नाही. तेव्हा अनुदान संपत आलं होतं, व्हिसाही. वरिष्ठ म्हणाले, आटप. माझ्या जागी तू असतीस तर वेगळं केलं असतंस? कदाचित केलंही असतंस. तू माझ्यापेक्षा हट्टी आहेस, म्हणून तर हा त्रागा.

पिट्सबर्गच्या झोपेच्या प्रश्नावलीशी ताडून बघणं, दोन आठवड्यांनी तेच पुन्हा विचारणं, ते सगळं तुला येतं. या आठवड्यात आठ-दहा माणसं गाठ: साठीपुढचे तिघं, एक तरी रात्रपाळीवाला. प्रश्न मोठ्याने वाचायला लाव आणि विचार, 'तुम्हाला यातून काय कळलं?' मग गप्प बस. तुला ते जड जाईल. शनिवारी रेकॉर्डिंग घेऊन ये, आपण दोघी मिळून ऐकू. आणि तो प्रश्न फाइलमधून आधीच उडवला असशील तर आत्ता परत घाल.

तुझी,
ताई