एअरबॅगचा क्रॅश सेन्सर आधीच होता, मग दाराजवळ लावला तर पेटंट मिळतं का? अपीलमध्ये काय बघतात?

अमेरिकेपुरतं सांगतो. तिथे पेटंट कायद्यात कलम 103 आहे, म्हणजे त्या क्षेत्रातल्या साधारण जाणकार माणसाला जे सहज सुचलं असतं त्यावर पेटंट नाही. एक्झामिनरने (अर्ज तपासणाऱ्या पेटंट ऑफिसच्या अधिकाऱ्याने) नाकारलं की पेटंट ऑफिसच्याच बोर्डाकडे जायचं, तिथेही हरलात तर फेडरल सर्किट (पेटंटची अपिलं ऐकणारं) कोर्ट, आणि हे कोर्ट कायद्याचा मुद्दा नव्याने तपासतं पण जुन्या पेटंटमध्ये नक्की काय लिहिलंय असल्या फॅक्टच्या गोष्टीत बोर्डाला पुरेसा पुरावा होता का एवढंच बघतं, त्यामुळे लढाई खरं तर बोर्डातच जिंकावी लागते.

2007 च्या सुप्रीम कोर्टातल्या केएसआर केसनंतर (तीही गाडीचीच, अ‍ॅडजस्टेबल पेडलवर इलेक्ट्रॉनिक सेन्सर बसवण्याची) नुसतं "दोन जुन्या गोष्टी जोडा असं कुठे लिहिलं नव्हतं" म्हणून सुटका होत नाही.

पण दाराचा मुद्दा तितका फालतू नाहीये हां. समोरून धडक बसली तर बॉनेट चेपायला जागा असते, बाजूने मात्र दार आणि माणूस यात काही इंचच, त्यामुळे सेन्सरला फार लवकर ठरवावं लागतं. पुढचा सेन्सर तसाच्या तसा तिथे चालत नाही हे दाखवता आलं तर केसमध्ये दम येतो.

गंमत म्हणजे हेच उलटंही अंगाशी येतं, सेन्सर इतका वेगळा असेल तर तो कसा बनवायचा हेही पेटंटमध्ये सांगावं लागतं; 2007 मध्येच बीएमडब्ल्यूविरुद्धच्या साइड इम्पॅक्ट सेन्सरच्या केसमध्ये इलेक्ट्रॉनिक सेन्सर कसा बनवायचा हे पेटंटमध्ये पुरेसं सांगितलंच नाही म्हणून त्या पेटंटमधले दावे (कशावर हक्क आहे ते सांगणारे मुद्दे) रद्द झाले.