पोस्टग्रेसच्या स्टॅटिस्टिक्समध्ये शंभरच पिनकोड का दिसतात?

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ऑर्डर्सच्या टेबलात एक कोटी रो (ओळी) आहेत, अ‍ॅनलाइझ (डेटाचा नमुना घेऊन त्याची आकडेवारी, म्हणजे स्टॅटिस्टिक्स, साठवणारी कमांड) चालवलं तरी पिनकोडच्या कॉलमला १०० च व्हॅल्यू दिसतात, मग ते अर्धवट चाललं का, असं विचारलंय तुम्ही. नाही हो, पूर्ण चाललंय, मर्यादाच तेवढी आहे. आकडेवारी किती तपशिलात ठेवायची ते ठरवणारं डिफॉल्ट टार्गेट १०० असतं, म्हणजे सगळ्यात जास्त वेळा येणाऱ्या व्हॅल्यूंची यादी जास्तीत जास्त १०० ची, हिस्टोग्रामचे बकेटही (यादीबाहेरच्या व्हॅल्यू ज्या टप्प्यांत विभागतात ते) तेवढेच, आणि सँपल टार्गेटच्या ३०० पट म्हणजे ३० हजार रोंचं, मग टेबल एक कोटीचं असो नाहीतर शंभर कोटीचं. ८.४ व्हर्जनच्या आधी तर हे टार्गेट १० च होतं!

आता त्रास कुठे होतो बघा. समजा यादीतल्या १०० पिनकोडांनी मिळून ४० टक्के रो खाल्ले आणि बाकीचे पिनकोड १२ हजार आहेत, तर प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) उरलेले ६० लाख सरळ १२ हजारांत सारखे वाटतो, प्रत्येकाला ५०० रो. पण १०१ व्या नंबरच्या पिनकोडचे खरे रो २० हजार असले तरी प्लॅनरच्या लेखी ५०० च, मग तो बिनधास्त नेस्टेड लूप (एका टेबलाच्या प्रत्येक रोसाठी दुसऱ्या टेबलात शोधायची पद्धत, थोड्या रोंनाच परवडणारी) लावतो आणि क्वेरी रांगत बसते.

म्हणून कोणीतरी सुचवलंय तसं सगळीकडे १० हजार टार्गेट करून टाकू नका. ती कमाल मर्यादा आहे, तेवढ्याला अ‍ॅनलाइझ ३० लाख रोंचं सँपल घेणार, आणि वर प्रत्येक क्वेरीचा प्लॅन करताना त्या लांबलचक याद्या हाताळायच्या. फक्त पिनकोडच्या कॉलमला ऑल्टर टेबलने सेट स्टॅटिस्टिक्स ५०० करा, मग अ‍ॅनलाइझ पुन्हा चालवा (हे बरेच जण विसरतात, नुसत्या ऑल्टरने काही होत नाही), आणि एक्सप्लेन अ‍ॅनलाइझमध्ये (क्वेरी चालवून तिचा प्लॅन दाखवणारी कमांड) अंदाजाचे रो आणि खरे रो जुळतात का ते बघा.

दुसऱ्या डेटाबेसवर गेलात तरी सुटका नाही, एसक्यूएल सर्व्हरच्या हिस्टोग्रामला जेमतेम २०० पायऱ्या आणि त्या वाढवताही येत नाहीत, मायएसक्यूएल ८ मध्ये १०२४ बकेटपर्यंत जाता येतं.

आणि तुमच्या टेबलात लांब जेसन मजकुराचा कॉलम असेल, तर त्याचं टार्गेट वाढवून उपयोग नाही, १०२४ बाइटपेक्षा मोठी व्हॅल्यू पोस्टग्रेस यादीत आणि हिस्टोग्राममध्ये घेतच नाही.