टेबलावरच्या वॉरगेमसाठी जुन्या मेटल फिगर्सची (धातूच्या छोट्या सैनिक-बाहुल्यांची) आर्मी करतोयस तर हे वाच

हे बघ, नवीन रंग लावायची घाई करू नकोस, आधी जुना काढ. ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच मेटल फिगर्समध्ये शिसं असतं, त्यामुळे फाइल (कानस) मारताना ओली करून मार म्हणजे धूळ उडत नाही, मास्क लाव, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही. जुना रंग काढायला मेटलला ॲसिटोन चालतं, खिडकी उघडी ठेवून वापर, प्लॅस्टिक मात्र त्यात विरघळतं.

हात किंवा डोकं बदलायचं असेल तर नुसत्या फेविक्विकवर राहू नकोस, मेटल जड असतं, एकदा पडलं की सांधा सुटलाच. दोन्ही बाजूंना १ मिमीचं भोक पाडून आत पितळेची तार घाल. भोकं समोरासमोर येत नाहीत ही सगळ्यांचीच कटकट, तर पहिल्या भोकाच्या तोंडाशी ओल्या रंगाचा ठिपका दे आणि दुसरा भाग त्यावर दाब, कुठे ड्रिल करायचं ते उमटतं. फटी भरायला एम-सील मस्त, फिगरच्या कपड्यांच्या चुण्यांना ग्रीन स्टफच (बारीक आकार देता येणारी हिरवी इपॉक्सी पुट्टी) घे.

पावसाळ्यात मुंबईत स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) नकोच, दमट हवेत खरखरीत बसतो, ब्रशने लाव.

आणि थीम! समज खाडीतले गॉब्लिन (गोष्टींतले बुटके राक्षस) करतोयस, तर सगळ्यांचे बेस (पायाखालच्या चकत्या) सेम, काळपट चिखल, त्यातून वर आलेली तिवरांची मुळं (तारेचे तुकडे पुरतात), आणि एखादा गंजका केशरी प्रत्येकावर कुठेतरी हवाच, मग वेगवेगळ्या कंपन्यांच्या फिगर्सही एकाच टोळीतल्या वाटतात. सरदार शेवटी रंगव, तोपर्यंत हात बसलेला असतो.